मिसेस विंटरबॉटमचा बिघडलेला बॉयलर

मनीषनगर, नागपूर
७ एप्रिल २०२४

प्रिय आत्या,

घे, आणलं शेवटी कागद-पेन. आयुष्यभर नागपुरात सदरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे कॉल जोडून तुला फोनचा इतका वीट आला, की सख्ख्या भाचीशीही "हाव, नाही, ठेवते" याच्यापुढे बोलत नाहीस. म्हणून हे पत्र.

मिहानमधल्या कंपनीत ट्रेनिंग सुरू झालं. आम्हाला इंग्लंडमधल्या लोकांच्या बॉयलरच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या आहेत. बॉयलर म्हणजे आपल्या अंघोळीच्या बंबाचा श्रीमंत भाऊ. तोच पाणी तापवते आणि तोच घर गरम ठेवते. बाहेर एक्केचाळीस डिग्री ऊन आणि मी आत बसून सराव करून राहिली की, "आपलं घर थंड पडलं हे ऐकून मला अतिशय वाईट वाटलं."

आमचे ट्रेनर ऋषिकेश सर म्हणतात, समोरच्याला तुमचं बोलणं समजलं म्हणजे झालं, इंग्रज व्हायची गरज नाही. पण मी आणि माझी रूममेट अपेक्षा, आम्ही ठरवलं की व्हायचं तर पूर्णच इंग्रज व्हायचं. फोनवर व्हिडिओ लावतो आणि एकमेकींना बोलून दाखवतो. कागदाची पट्टी तोंडासमोर धरून "पेन" म्हणायचं. पट्टी उडाली तर इंग्रज, नाही उडाली तर आपण. "व्ही" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, "डब्ल्यू"ला ओठांचा चंबू करायचा. आणि शब्दाच्या शेवटचा "र" म्हणायचाच नाही. "कार" नाही, "काऽ". हसून हसून पोट दुखते, पण खरंच जमून राहिलं आहे.

मे महिन्यात परीक्षा आहे. खोटा ग्राहक फोन करते, आपण खऱ्यासारखं बोलायचं. दोनदा नापास झालं की घरी. बाबांनी तर सांगूनच ठेवलं आहे, नाही जमलं तर सावनेरच्या शाळेत कारकुनाची जागा आहे म्हणून. मला ती जागा नको, आत्या. सध्या सरांना इंग्रजांसारखं बोलणारे खोटे ग्राहकच मिळून नाही राहिले. पेपरात जाहिरातसुद्धा दिली, घरबसल्या काम म्हणून.

मामाजींना नमस्कार.

तुझी,
मयुरा

*

सावनेर
१४ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आमच्या ह्यांना, तुझ्या मामाजींना, एकदा वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "पट्टी उडवाले पगार देतात?"

पण मले मोठी मजा वाटली. मी कॅलेंडरची पट्टी कापली अन् "पेन" म्हटलं. हलली नाही. मग "फेन" म्हणता म्हणता मधातच थांबली, तर उडाली! म्हणजे इंग्रजाचा "प" आपल्या "प"च्या अन् "फ"च्या मधात कुठी तरी बसला आहे. इतकी वर्षं हे कोणी मले सांगितलं नाही. अन् "र" खातात म्हणून तू काय हसतेस? माझी सासू जन्मभर "केळी"ले "केयी" अन् "डोळा"ले "डोया" म्हणे. आपण "ळ" खातो, ते "र" खातात. ज्याले जे पचते ते.

तुले माहीत नसेल, एक्स्चेंजमध्ये आमच्या सुपरवायझर होत्या मिस रॉड्रिग्ज. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. काय इंग्रजी बोलत! त्या चहाले गेल्या की मी त्यांचा आवाज काढून पोरींना झापत असे. एकदा खुद्द साहेबांनी मले "येस, मिस रॉड्रिग्ज" म्हटलं होतं.

काल दुपारी आरशासमोर "पाऽक द काऽ, पाऽक द काऽ" करून राहिली होती. तुझ्या मामाजींनी बैठकीतून ऐकलं अन् दुकानातून दोन किलो साखर घेऊन आले. मी म्हटलं, "हे काहून आणलं?" तर म्हणे, "तूच तर पाक पाक करून राहिली, मले वाटलं जिलबी करते." मग कराव्या लागल्या.

ती जाहिरात आमच्या पेपरात आली नाही. कात्रण पाठवशील? सहज म्हटलं.

प्रमोदिनी आत्या

*

मनीषनगर, नागपूर
२८ एप्रिल

प्रिय आत्या,

कात्रण तर त्याच दिवशी पाठवलं होतं, मिळालं ना? मामाजींसाठी मागितलंस का? रिटायर झाल्यापासून त्यांना करमत नाही हे मला माहीत आहे, पण आत्या, राग मानू नको, खाणीच्या हजेरीबुकातल्या इंग्रजीवर हे काम नाही जमणार. त्यांना हळूच समजाव.

इकडे काय झालं ते ऐक. मागच्या सोमवारपासून आमच्या नशिबी मिसेस विंटरबॉटम आली आहे. वय एक्याऐंशी, राहणार इंग्लंडातलं कुठलंसं खेडं, नवरा वारलेला, बॉयलर बिघडलेला. सरांनी नवीन खोटी ग्राहक शोधली म्हणे. कोण आहे ते सांगत नाहीत, पण अपेक्षाची खात्री आहे की ही बाई खरीच इंग्रज आहे आणि सिव्हिल लाइन्समध्ये एखाद्या बंगल्यात मांजरं पाळून राहते.

पहिला सरावाचा फोन अपेक्षानेच घेतला. बिचारी म्हणाली, "गुड आफ्टरनून मिसेस व्हिंटरबॉटम." तिकडून आवाज आला, "डब्ल्यू, डिअर. नॉट व्ही. आय अ‍ॅम नॉट अ व्हायोलिन." त्यानंतर त्या बाईने तिला नाव अकरा वेळा म्हणायला लावलं. बॉयलर राहिला बाजूला. अपेक्षा बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि आरशात बघून परत ओठांचा चंबू करत बसली. आता ती झोपेतही "विंटऽबॉटम" म्हणते.

माझी मात्र गाडी छान चालली आहे. काल भाजीवाल्याला चुकून म्हणाली, "टमाऽटो, प्लीज." तो म्हणाला, "ताई, दाढ काढली का?"

माझी पाळी अजून आली नाही. आली की त्या म्हातारीला अशी इंग्रजी ऐकवते, की तिला तिचं माहेर आठवलं पाहिजे.

मयुरा

*

सावनेर
४ मे

पोरी,

माझा घसा बसला आहे. फोन अजिबात करू नको. पत्रच लिही.

त्या मिसेस विंटरबॉटमबद्दल वाचून वाईट वाटलं. इतकी वाईट बाई नसेल ती. अकरा वेळा म्हणाले लावलं असं तू लिहितेस, मले वाटते सात-आठच असेल. अन् अपेक्षाले आता "डब्ल्यू" म्हणता येते की नाही? मग?

एक विचाराचं होतं. बॉयलरच्या काट्याचा दाब उतरला तर इंग्लंडातले लोक काय म्हणतात? "प्रेशर इज लो" म्हणतात की दुसरं काही? अन् गॅसचा वास आला तर तुम्हाले काय काय सांगा लागते? एखादी माहिती-पुस्तिका असली तर पाठव. माणसानं या वयातही शिकत राहावं.

प्रमोदिनी आत्या

ता. क. हे मी, मधुकर, हिच्या पाठीमागे लिहून राहिलो. तुझी आत्या रोज दोन ते चार आतल्या खोलीचं दार लावून घेते. आतून बोलण्याचा आवाज येते. मधात मधात कोणावर तरी रागावते. मी विचारलं तर म्हणते, "तुम्ही वारले आहात, मधात बोलू नका." मले काही समजून नाही राहिलं.

*

मनीषनगर, नागपूर
१२ मे

प्रिय आत्या,

मामाजींचं ता. क. वाचलं. काय चाललं आहे तुझं? दार लावून एकटीच बोलतेस, नसलेल्या माणसांवर रागावतेस, जिवंत माणसाला वारला म्हणतेस. आणि बॉयलरच्या चौकशा! आपल्याकडे बॉयलर नाही, आत्या. सावनेरात कोणाकडेच नाही.

मी अपेक्षाशी बोलली. ती म्हणाली, आयुष्यभर हेडफोन लावून बसलेल्या माणसांना म्हातारपणी आवाज ऐकू येतात म्हणे. इथे धंतोलीत एक चांगल्या डॉक्टरबाई आहेत. परीक्षा झाली की मी स्वतः तुला घेऊन जाते. लाजू नको. तुझ्या घशाचं निमित्त मला पटलं नाही, तेव्हाच शंका आली होती.

पुस्तिका पाठवते आहे, पण जास्त वाचू नको. डोक्याला त्रास होईल.

परीक्षा सतरा तारखेला, शुक्रवारी. फोन मिसेस विंटरबॉटमचाच आहे. मी अजिबात घाबरली नाही. काल सरांसमोर बोलून दाखवलं तर पूर्ण वर्गाने टाळ्या वाजवल्या. सर फक्त म्हणाले, "मयुरा, छान. पण तू बोलताना समोरचा काय म्हणून राहिला तेही बघ." त्यांची सवयच आहे, कौतुकाला "पण" लावायची.

काळजी घे. औषध सुरू असेल तर बंद करू नको.

तुझी,
मयुरा

*

मनीषनगर, नागपूर
१८ मे

आत्या,

नापास.

माझा एकही शब्द चुकला नाही. "र" म्हणून एकही नाही. "वोऽटऽ" असं म्हणाली की पट्टी काय, कॅलेंडर उडालं असतं. बाई पण गोड बोलत होती. मला वाटलं आपण हिला जिंकलं. शेवटी "थँक यू, डिअर" म्हणाली आणि फोन ठेवला. तासाभराने निकाल आला. शून्य. कमी गुण नाही, आत्या, शून्य!

सर म्हणाले, सोमवारनंतर रेकॉर्डिंग ऐकवतो, तुझं तुलाच कळेल. मला काही ऐकायचं नाही. सात जूनला दुसरी आणि शेवटची संधी आहे. बाबांचा फोन आला तर मी उचलला नाही.

त्या म्हातारीचा बॉयलर जन्मात दुरुस्त न होवो. जानेवारीत तिला थंड पाण्याने अंघोळ घडो. तिच्या मांजरांनी तिला ओळखू नये.

मयुरा

*

सावनेर
२२ मे

पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी चहा गाळून राहिली होती. वाचलं अन् चहा तसाच राहिला. तीन दिवस झाले, रोज लिहाले बसते अन् कागद फाडते.

आज एक गोष्ट सांगते. मी कोणालेच सांगितली नाही, तुझ्या मामाजींनाही नाही.

सत्त्याऐंशी साल असेल. मी ट्रंकच्या, म्हणजे परगावच्या कॉलच्या बोर्डावर होती. तेव्हा मिस रॉड्रिग्जचा आवाज मले इतका जमला होता की मी दिवसभर त्याच आवाजात बोलत असे. लोक पलीकडून "मॅडम, मॅडम" करत. एका माणसानं अर्जंट कॉल लावला. त्याचे वडील नागपुरात दवाखान्यात होते अन् भावाले दोनच्या बसनं नीघ म्हणून सांगाचं होतं. गाव वरूड. मी झोकात म्हटलं, "युअऽ कॉल टू वरोरा, सऽ." तो काहीतरी बोलला. मी माझाच आवाज ऐकून राहिली होती. लावला वरोऱ्याले. चूक समजली तोवर वरूडची लाइन बिझी झाली, अन् दीड तासानं लागली. भाऊ संध्याकाळच्या बसनं आला. उशीर झाला होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो माणूस एक्स्चेंजवर आला. मले वाटलं, भांडते. भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाई, आवाज फार चांगला आहे तुमचा. मी तीनदा वरूड म्हटलं होतं."

एवढंच म्हणून गेला.

सरांनी बोलावलं तर रेकॉर्डिंग ऐक. पूर्ण ऐक. मग मले काय लिहाचं ते लिही. मी वाट पाहते.

प्रमोदिनी आत्या

*

मनीषनगर, नागपूर
२५ मे

मिसेस विंटरबॉटम यांस,

आपलं रेकॉर्डिंग ऐकलं.

काल सरांनी हेडफोन दिला आणि ते समोर बसले. चौथ्या मिनिटाला आपण म्हणालात की स्वयंपाकघरात कसलातरी वास येते आहे. मी म्हणाली, "हाऊ लव्हली." पाचव्या मिनिटाला आपण म्हणालात की वास गॅससारखा आहे. मी आपला पोस्टकोड विचारला, फार सुंदर उच्चारात. सहाव्या मिनिटाला आपण परत म्हणालात, डोकं जड झालं आहे, वास वाढला आहे. मी म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे.

ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. गॅसचा वास म्हटलं की बाकी सगळं सोडायचं. काही पेटवू नका, बटणाला हात लावू नका, ताबडतोब घराबाहेर निघा. लहान पोराला पाठ असते. मी त्या बाईला मारून टाकलं असतं, तेही गोड आवाजात. मी मान खाली घातली. ते शून्य मला मान्य आहे.

पण त्याच्यापुढे सातवं मिनिट आहे.

सातव्या मिनिटाला आपल्या मागून पुरुषाचा आवाज येते, "अवं, शेंगदाण्याची चटणी कुठी ठेवली वं?"

आणि आपण श्वाससुद्धा न सोडता म्हणता, "माय हजबंड वाँट्स हिज मार्मलेड, डिअर."

आपले पती कॉलच्या दुसऱ्या मिनिटाला वारले होते. मी सहानुभूतीही दाखवली होती!

हेडफोन काढून मी सरांना म्हणाली, हे माझे मामाजी आहेत. सरांना वाटलं, मला धक्का बसला. पाणी दिलं.

मी तुला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती, आत्या. तू महिनाभर मजा पाहत बसलीस. मी तुला सगळं लिहीत होती, भीती, बाबांचं, सगळं. आणि तू तेच वाचून मला प्रश्न काढत होतीस. सांगितलं का नाही?

उत्तर नको.

मयुरा

*

सावनेर
३० मे

चि. मयुरा हिला मधुकररावांचे आशीर्वाद.

मले पत्र लिहाची सवय नाही. खाणीत होतो तेव्हा फक्त रजेचे अर्ज लिहिले. तरी लिहितो.

चटणीचा गुन्हा माझा आहे. डबा तिनं वरच्या फळीवर ठेवला होता अन् मले भूक लागली होती. मी मेलेला आहे हे मले कोणी नीट समजावून सांगितलं असतं, तर मी मेल्यासारखा राहिलो असतो.

तुझी आत्या तुझं पत्र आल्यापासून गप्प आहे. इंग्रजी नाही, मराठी नाही. दोन ते चार दार उघडंच असते. मोबाइल कपाटात ठेवला. काल भाजीत मीठ नव्हतं, मी गुपचूप वरून घेतलं.

तुझा राग बरोबर आहे. पण रविवारी ये. आंबे पिकले आहेत अन् दोघांनी किती खावे? माझ्यासाठी ये म्हणतो. मेलेल्याची शेवटची इच्छा समज.

मधुकर

*

सावनेर
४ जून

मयुरा,

रविवारी तू आलीस. मामाजींशी हसलीस, आंबे खाल्लेस, माझ्या हातची भाकर खाल्लीस, अन् माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बसमध्ये चढताना मात्र मागं वळून "येते" म्हणालीस. ते मले म्हणालीस की मामाजींना, यावर आमचं दोन दिवसांपासून भांडण आहे. मी म्हणते, मले.

तू विचारलं होतंस, सांगितलं काहून नाही. खरं सांगते. पहिल्यांदा तुले चकित कराचं म्हणून नाही सांगितलं. मग मजा येऊन राहिली होती म्हणून नाही. रिटायर झाल्यापासून मले कोणी घाबरलं नव्हतं वं. तिकडे पोट्टे-पोट्टी माझ्या आवाजानं सरळ बसत. अन् शेवटी, यादीत तुझं नाव पाहिलं तेव्हा सांगाची लाज वाटली. त्या दिवशी सरांना फोन करून "ही माझी भाची आहे, दुसऱ्या कोणाले द्या" म्हणाले पाहिजे होतं. नाही म्हटलं. ही माझी चूक आहे, तुझी नाही.

पण आणखी एक गोष्ट तुले माहीत नाही. मले जो कागद दिला होता, त्याच्यात गॅसचा वास एकदाच म्हणाचा होता. एकदा म्हणाचं अन् पुढे जाचं, ऐकलं तर ऐकलं. बाकी सगळ्यांना मी एकदाच म्हटलं. तुले तीनदा म्हटलं. ते जास्तीचे दोन मिसेस विंटरबॉटमचे नव्हते, माझे होते. तिसऱ्यांदा म्हणताना मले मराठीतच ओरडाचं होतं, "अवं पोट्टे, ऐक ना!"

तू नाही ऐकलं, अन् माझ्या हातात तो गुणांचा कागद होता. चार तिथं घातले असते तर कोणाले समजलं नसतं. मले तो वरूडचा माणूस दिसला. मी शून्य लिहिलं.

सरांना आता सगळं सांगितलं. ते अर्धा तास रागावले, बरोबरच आहे. मग म्हणाले, "बाई, मी तुम्हाले कॉन्व्हेंटची रिटायर्ड टीचर समजत होतो." शुक्रवारी तुझा फोन दुसरं कोणी करेल. कोण ते मले सांगू नका, असं मीच म्हटलं.

तू पास हो की नको हो, उत्तर लिही.

आत्या

*

मनीषनगर, नागपूर
१६ जून

प्रिय आत्या,

"येते" मी बसच्या कंडक्टरला म्हणाली होती. तो मागून ओरडत होता, ताई, येता की राहता. आता भांडण बंद करा.

पास झाली. सात तारखेला कोणी मिस्टर पर्किन्स होता, तापट आणि बहिरा. मी साध्या आपल्या इंग्रजीत बोलली, हळू, एक एक शब्द. वास येतो का, हे त्याने म्हणायच्या आधी मीच विचारलं. सर म्हणाले, "चांगलं." आणि "पण" म्हणाले नाहीत. बाबांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "बरं." मग दहा मिनिटांनी परत फोन करून म्हणाले, "बरं झालं."

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नको. आहे. पण तू तीनदा म्हणालीस ते वाचल्यावर तो नीट धरता येत नाही, सारखा हातातून सुटते. त्या दोन वेळा मी रेकॉर्डिंगवर परत ऐकल्या. तुझा आवाज हलला आहे, आत्या. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचा असा हलत नाही, आपल्या माणसाचा हलते.

आता खरी बातमी. गुरुवारी पहिला खरा फोन आला. हल नावाच्या गावचा म्हातारा, मिस्टर हॉब्सन. त्याने तोंड उघडलं आणि आत्या, मला एक शब्द समजला नाही! दोन महिने आपण जे इंग्रज शिकलो, तो हा नव्हेच. "बस"ला "बुस" म्हणते, "नथिंग"ला "नाऊट" म्हणते, आणि "वॉटर"मधला "ट" तर अख्खा गिळून टाकते. तुझी विंटरबॉटम आणि हा एका बाकावर बसले असते तर दोघांच्या मधात दुभाषा लागला असता. अपेक्षा शेजारून माझ्याकडे बघून राहिली होती. मी घाबरून म्हणाली, "सर, माफ करा, जरा हळू, परत एकदा." तो थांबला. आणि मग इतकं हळू बोलला, जसं काही बहिरी मीच होती. तीनदा विचारून घेतलं, पण समजलं सगळं. वास नव्हता, फक्त दाब उतरला होता. मी सांगत गेली, तो नळी शोधत गेला, वाटेत चष्मा शोधत गेला. अर्ध्या तासाने बॉयलर घरघरला. तो इतका मोठ्याने ओरडला की मी हेडफोन काढला.

मग तो फोन ठेवेना. म्हणाला, "तुझी बोली ऐकून ओळखलं मी. तू वेल्सची ना? माझी बायको वेल्सची होती. असंच बोलायची, वरखाली, गाणं म्हटल्यासारखं. सहा वर्षं झाली तिला जाऊन."

आत्या, मी एकही उच्चार इंग्रजांसारखा केला नव्हता. जसं तुझ्याशी बोलते तसंच बोलली होती, फक्त इंग्रजीत.

खोटं बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी म्हणाली, "नाही सर, मी सावनेरची."

तो म्हणाला, "सावनेर... तिकडे वेल्सला, स्वान्सीच्या जवळ आहे का?"

मागून सर कॉल संपवायची खूण करून राहिले होते. म्हाताऱ्याचा आवाज असा खुशीत होता, की माझ्याने राहवलं नाही.

मी म्हणाली, "हो सर. त्याच रस्त्याने, थोडं पुढे."

तुझी,
मयुरा